दामजीभाईंची पाच मापे

दामजीभाई कणझारिया आमच्या जामनगरच्या पितळ कारखान्यात सत्तावीस वर्षे केमिस्ट होते. मी ऑफिसात बसे, ते मागच्या खोलीत. सळईत तांबे किती टक्के, एवढेच त्यांनी आयुष्यभर मोजले. पण प्रत्येक नमुना पाच वेळा. पाचही आकडे शाईने लिहीत, एकही खोडत नसत.

आमचे मालक हरखचंदशेठ चिडवत, "भात शिजला की नाही ते एका शितावरून कळतं, दामजीभाई."

"शिजला ते कळतं, शेठ. किती शिजला ते नाही."

एका वर्षी राजकोटच्या गिऱ्हाइकाने चार टन माल परत पाठवतो म्हणून कळवले. तांबे किमान अठ्ठावन्न टक्के हवे होते. दामजीभाईंच्या दाखल्यावर ५८.३० होते, राजकोटच्या तपासणीत निघाले ५७.८६. शेठ तणतणत मागच्या खोलीत गेले.

"माल परत आला तर मी तांबं मोजायचं मशीन घेणार आणि तुम्ही घरी बसणार!"

दामजीभाईंच्या निवृत्तीला अजून सहा वर्षे होती. त्यांनी वही उघडून शेठपुढे ठेवली. मग शेठच नरमले. "असं करा, दोघांचा मध्य काढा. ५८.०८ लिहा. तेही खूश, आपणही खूश."

"मध्य एकाच वस्तूच्या मापांचा काढतात, शेठ. माझी मापं आपापसात तीन-चार शतांश हलतात. हा फरक चव्वेचाळीस शतांशांचा. एवढा हात हलत नाही. कुणाची तरी पक्की चूक आहे."

"कुणाची?"

"आधी माझीच शोधतो."

तांबे नेमके किती ते ठाऊक असलेला एक नमुना ते बाटलीत जपून ठेवत. तो मोजला; बरोबर आला. मग राजकोटवाल्यांनी तपासणीसाठी आपली सळई लेथवर कातून काढलेला भुगा, त्यातला उरलेला, मागवला. शनिवारी सकाळी पुडी आली. पाच मापे घेतली: ५७.७१, ५८.०२, ५७.८०, ५७.९३, ५७.८४. सरासरी ५७.८६, म्हणजे राजकोटचाच आकडा. मला वाटले, संपले.

दामजीभाई मात्र वहीकडे बघत राहिले. "हात माझा, तराजू माझा. मग ही मापं एवढी फाकली कशी? रोजच्या आठ-दहापट पसारा आहे. या भुग्यात काहीतरी आहे. कुठे कमी, कुठे जास्त."

दर शनिवारसारखे मी बेसनाचे तळलेले गाठिया आणले होते. कागद उलगडला तसे त्यांचे लक्ष त्यावरच्या तेलाच्या डागांकडे गेले. झटकन उठून त्यांनी राजकोटच्या पुडीचा कागद खिडकीशी धरला. तोही तसाच पारदर्शक झाला होता.

"अहो, हेपण गाठियाच!"

लेथवरचे तेल भुग्याला तसेच होते. राजकोटवाल्यांनी तो न धुता तोलला, तेल वजनात धरले गेले आणि तांब्याचा वाटा घटला. दामजीभाईंनी भुगा स्पिरिटने धुतला, वाळवला, पुन्हा पाच वेळा मोजला. सरासरी ५८.२९. ते स्टुलावर बसले आणि चष्मा काढून नुसते पुसत राहिले.

सोमवारी राजकोटवाल्यांनीही धुऊन मोजले आणि माल ठेवून घेतला. गाठियाच्या कागदाची गोष्ट मी शेठना सकाळीच सांगितली होती. फोन खाली ठेवून ते मागच्या खोलीच्या दाराशी आले.

मीच विचारले, "मशीनचं काय करायचं, शेठ?"

"मशीन गाठिया खातं का?" म्हणाले आणि निघून गेले.

पुढची सहा वर्षे दामजीभाई त्याच खोलीत राहिले. त्या शनिवारची न धुतलेली पाच मापे वहीत अजून तशीच आहेत. त्यांनी ती खोडली नाहीत. शेजारी फक्त एक शब्द लिहिला: तेलकट.