काकांची मखमली सीट

काकांचं गाद्यांचं दुकान आहे. मऊपणा त्यांना अंगठ्याने कळतो. अंगठा पेरभर रुतला की माल चांगला. सोफा, उशी, जावई; परीक्षा सगळ्यांना एकच.

साठीला टेकल्यावर त्यांना लांब पल्ल्याच्या सायकलिंगचं वेड लागलं. वीस तासांत तीनशे किलोमीटर गाठले की पदक मिळतं. काका दोनदा अर्ध्यावरून टेम्पोत बसून परतले. तिसऱ्यांदा दारात टेम्पो आला तर सायकल भंगारात जाईल, असं काकूंनी सांगून टाकलं. काकू बोलतात तसं करतात.

दोष सीटचा, हे काकांनी ओळखलं. मी त्यांना सायकलच्या दुकानातल्या ताईंकडे नेलं. ताईंनी पन्हळी पुठ्ठा पुढे केला. त्यावर बसलं की बुडाच्या दोन हाडांचे खड्डे उमटतात. त्यांच्यातलं अंतर मोजून तेवढ्या रुंदीची सीट घ्यायची. तीही कडकच; मऊ सीटमध्ये हाडं बुडतात आणि भार नको तिथे येतो. काकांनी ताईंच्या सीटवर अंगठा दाबला. रुतला नाही. लोकांना बसवण्यात माझी हयात गेली, मला पुठ्ठ्यावर कोण बसवतंय, असं पुटपुटत ते बाहेर पडले.

मी मुकाट पुठ्ठ्यावर बसलो आणि कडक सीट घेतली.

काकांनी स्वतःची सीट स्वतः शिवली. चार इंच फोम, वर मखमल. सायकलवर बैठकीतला लोड ठेवल्यासारखं दिसत होतं.

तिसऱ्या खेपेला मीही त्यांच्यासोबत निघालो. सत्तर किलोमीटरपर्यंत ते माझ्या सीटची कीव करत होते. शंभराला गप्प झाले. एकशे तीसपासून उभ्यानेच पेडल मारू लागले. दीडशेच्या थांब्यावर मी त्यांना बसा म्हटलं. त्यांनी बाकाकडे वैऱ्यासारखं पाहिलं.

"पाना आहे ना तुझ्याकडे?"

"आहे."

"मग तुझी सीट काढ. तू काय, पुढल्या वर्षीही येशील. मला घरी तोंड दाखवायचंय."

मी काढली. का काढली, अजून कळलेलं नाही. त्यांचा लोड माझ्या सायकलला लागला. वीस किलोमीटरांत मी टेम्पोला फोन केला.

काका अकरा मिनिटं राखून पोचले. दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेलो, तर पदक गळ्यात घालूनच ते गिऱ्हाइकाला गादी दाखवत होते. मी उभाच राहिलो. बसणं शक्य नव्हतं.

"ह्याने अर्ध्यात सोडलं," काका गिऱ्हाइकाला म्हणाले. "पोरगं हुशार आहे हो. पण बूड नाजूक."

माझी सीट त्यांनी अजून परत दिलेली नाही.