सोजराबाईंची ओटी

मांडवगण फराट्यात सोजराबाईंच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही आणि कुणी अपमान होऊनही गेलं नाही. त्यांच्या लेकाची, रोहिदासची, पंचाईत झाली ती त्यामुळंच. आईनं सोबतीला ठेवलेल्या तीन बायका घालवल्या होत्या, आणि तिघींपैकी एकीचीही आईबद्दल तक्रार नव्हती.

झालं होतं असं. दिवाळीच्या आधी सोजराबाई गुलछडीच्या वाफ्यात पाय घसरून पडल्या. हाड मोडलं नाही, डॉक्टरांनी फोटो काढून तशी खात्री दिली. पण कंबर अशी धरली, की न्हाणीत बसलं की उठता येईना आणि गॅसपाशी उभं राहायला भिंतीचा आधार लागायला लागला. औषधानं भागण्यासारखं काही नव्हतं. हवा होता तो कुणाचा तरी हात. रोहिदास सणसवाडीच्या एका कंपनीत सुपरवायझर, बायको अनुपमा तिथल्याच शाळेत शिकवते. दोघांनी आधी सरळच सांगितलं, "आई, तू इकडंच ये."

सोजराबाई तो फ्लॅट एकदा बघून आल्या होत्या. तिसरा मजला, खिडकीसमोर दुसऱ्याची खिडकी, आणि गॅलरीत एक तुळस, तीही मान टाकलेली. "मानसं कोंडायची जागा हाय ती," असं त्यांनी परत येताना गाडीतच जाहीर केलं होतं. इथं गावात त्यांचा लहानसा फुलमळा होता. तो वाट्यानं दिला होता खरा, पण तोडा झाला की गुलछडीच्या दांड्या पडवीत यायच्या आणि सोजराबाई खाटेवर बसून त्यांच्या गड्ड्या बांधायच्या. माळ्याच्या घरात जन्मल्या आणि माळ्याच्याच घरात दिल्या. फुलांना हात न लावता दिवस मावळला, तर तो दिवस त्यांना फुकट गेल्यासारखा वाटे.

मग शिरूरच्या एका ब्युरोतून बाई ठेवायचं ठरलं. तिनं घरात राहायचं, आजींना अंघोळ घालायची, दोन वेळचं करून वाढायचं, गोळ्यांची आठवण द्यायची आणि सोबत करायची. रोहिदासनं फोनवर हे सगळं समजावून सांगितलं. सोजराबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हंजी माझं करायला पगारी मानूस?"

खरं दुखणं कमरेत नव्हतं, ते इथं होतं. सोजराबाईंनी स्वतःच्या सासूचं अंथरुणातलं सगळं कित्येक वर्षं केलं होतं. गावानं त्याचं कौतुक केलं होतं, आणि खरं बोलायचं तर त्या कौतुकावर सोजराबाई अजून जगत होत्या. आता परकी बाई पगार घेऊन येणार, म्हणजे सोजराबाईला बघायला घरचं कुणी नाही असा गावभर बोभाटा होणार. त्यापेक्षा न्हाणीत पडलेलं बरं, असं त्यांचं ठाम मत होतं. कंबर मोडली तरी चालेल, नाव मोडता कामा नये.

आता बाईला नको म्हणावं तर लेक दुखावतो. बाईशी भांडावं तर घराची अब्रू जाते. सोजराबाईंनी फार विचार करून एक तोडगा काढला, आणि तो इतका गोड होता की कुणाला त्यात काही काळंबेरं दिसलंच नाही.

पहिली बाई आली, राहिली, रुळली. एका सकाळी सोजराबाईंनी शेजारच्या साखरबाईला बोलावणं पाठवलं. साखरबाई नात्यानं त्यांची चुलत जाऊ. सोजराबाईंचे मालक जाऊन बरीच वर्षं झालेली, त्यामुळं त्या स्वतः कुणाची ओटी भरत नसत. साखरबाईचे संपतआप्पा मात्र ठणठणीत होते आणि दिवसभर पारावर पत्ते कुटत. त्यांचा जगाला दुसरा काही उपयोग असो वा नसो, बायकोचं कुंकू त्यांनी शाबूत ठेवलं होतं. साखरबाईनं पाट मांडला, बाईला हळदीकुंकू लावलं, खण, नारळ, तांदूळ तिच्या पदरात घातले. सोजराबाई खाटेवरून म्हणाल्या, "लई केलंस गं बाई माझं. आता बरं हाय मला. सुखानं जा."

आपल्याकडं पाहुणी निघाली की ओटी भरतात, आणि ओटी भरली की पाहुणीनं निघायचं असतं. बाई पाया पडली आणि डोळे पुसत एसटीत बसली. आपली नोकरी गेली हे तिच्या बहुतेक शिरूरच्या स्टँडवर उतरल्यावर लक्षात आलं असेल. दुसरीचंही तेच झालं. तिसरीला तर खणाबरोबर साडीही मिळाली, कारण ती स्वभावानं खरंच चांगली होती आणि तिला घालवताना सोजराबाईंना जरा जड गेलं होतं.

रोहिदासनं ब्युरोत फोन केला, तर तिथला माणूस म्हणाला, "साहेब, तुमच्या आईंचं नाव काढतात हो आमच्या बायका! ओटी भरून पाठवणी करतात म्हणे. तुमच्याकडं यायला नंबर लावून बसल्यात."

तेव्हा कुठं रोहिदासच्या डोक्यात प्रकाश पडला. तो स्वतः गावी आला आणि आईसमोर बसला. "आई, आता चौथी येतीय. तिची पन वटी भरलीस, तर मी गाडी घिऊन येनार. मग तू काय बोलायचं न्हाईस. सरळ सणसवाडी." एरवी तो ओरडायचा आणि मग निवायचा. ह्या वेळी तो हळू बोलला, म्हणून सोजराबाईंना धास्ती वाटली.

चौथी आली ती केडगावची करिश्मा. तिशीची, ड्रेस घालणारी, कपाळावर बारीकशी टिकली. पहिल्या दिवशी तिनं भाकरी करपवली. दुसऱ्या दिवशी वांग्यात एवढं कूट घातलं की वांगं शोधावं लागलं. सोजराबाईंनी टोकलं, तर म्हणाली, "आज्जी, मी काय हाटेल टाकायला आले का? शिकवा, शिकते." दुपारी मोबाईलवर मालिका लावायची आणि सोजराबाईंना न विचारताच त्यातल्या सासवांची गाऱ्हाणी सांगायची. आठवड्याभरात सोजराबाईंचा धीर सुटला. लेक काय उचलून नेतोय का आपल्याला, असं मनाशी म्हणून त्यांनी साखरबाईला हाक मारली.

पाट मांडला. साखरबाईनं कुंकवात बोट बुडवलं, आणि करिश्मानं मान मागं घेतली.

"मला नका लावू, मावशी. आमचे मालक गेले."

"मग ही टिकली?" साखरबाईनं विचारलं.

"ती मला आवडती."

साखरबाईचं बोट तसंच हवेत राहिलं. तिनं सोजराबाईंकडं बघितलं, सोजराबाईंनी आढ्याकडं. एवढ्या वर्षांची रीत मोडायची कशी? आणि ओटी न भरता जा म्हणायचं, तर ते सरळ हाकलणं झालं. सोजराबाईंनी जन्मात कुणाला हाकललं नव्हतं. शेवटी साखरबाई नारळ घेऊन घरी गेली आणि तिनं त्याची चटणी केली. करिश्मा काही तरी रीतसर मार्ग सापडेपर्यंत राहिली.

मार्ग काही सापडेना. सापडेना म्हणजे, सोजराबाई हळूहळू शोधायच्याच थांबल्या. करिश्मा न्हाणीत पाठ चोळताना सुद्धा बडबडायची, त्यामुळं परक्या बाईपुढं उघडं बसल्याची लाज वाटायला सवडच मिळायची नाही. उठताना ती ओढायची नाही. नुसता हात पुढं धरून उभी राहायची आणि म्हणायची, "हां, तुमचं तुमी. मी हायेच." गड्ड्या तिला काही केल्या सरळ बांधता येईनात. सोजराबाई त्या सोडून पुन्हा बांधायच्या, रोज शिव्या घालायच्या आणि रोज नव्या उमेदीनं शिकवायच्या. ज्याची भीती होती ते गाव पगारी बाई बघायला म्हणून आलं आणि करिश्माच्या गोष्टी ऐकायला म्हणून पडवीत बसायला लागलं. सोजराबाईला कुणी नाही, असं कुणी म्हटलं नाही. म्हणायला कुणाला फुरसतच नव्हती. रविवारी करिश्मा केडगावला गेली की घर ओकंओकं वाटायचं. सोजराबाई तसं बोलून दाखवत नसत, पण संध्याकाळच्या एसटीच्या वेळी त्यांची खाट मात्र पडवीच्या कडेला सरकलेली असायची.

मग करिश्माच्या भावाचं, सुदर्शनचं, दौंडला लग्न निघालं. चार दिवसांची सुट्टी मागताना ती नेहमीसारखी बोलत नव्हती.

"भावाचं लगीन आन् तोंड का पाडलंय गं?" सोजराबाईंनी विचारलं.

"जाते आन् मागं चुलीपशी बसते. हळदीला मला कोन हात लावू देतंय?"

सोजराबाईंना ती मागची जागा चांगली माहीत होती. रोहिदासच्या लग्नात साखरबाई आणि संपतआप्पा जोडीनं पाटावर बसले होते, आणि नवऱ्या मुलाची आई कोठीत तांदूळ निवडत बसली होती. कुणी बळजबरी केली नव्हती. त्या आपणहून उठून गेल्या होत्या. त्याचं त्यांना अजून वाईट वाटायचं.

निघायच्या सकाळी करिश्मा पिशवी घेऊन बाहेर आली, तर पडवीत पाट मांडलेला. ह्या खेपेला साखरबाई नव्हती. भिंतीला धरून सोजराबाई स्वतः उभ्या होत्या, एका हातात नारळ घेऊन.

करिश्माचा चेहरा उतरला. ब्युरोतल्या बायकांनी तिला आधीच बजावलं होतं, आजीनं ओटी भरली की नोकरी गेली म्हणून समज. ती रडायलाच लागली. "काय चुकलं माझं, आज्जी? भाकरी येती की आता!"

"गप येडे. बस पाटावर. त्या तिघींची जायची व्हती, ही परत यायची हाय. लेक म्हायेरातनं निघती तवा भरत्यात तसली." सोजराबाईंनी तिच्या टिकलीखाली कुंकू लावलं. खण, नारळ, तांदूळ आणि वर गुलछडीची एक दांडी तिच्या ओढणीत घातली. एका हातानं भिंत धरलेली, त्यामुळं थोडे तांदूळ सांडले. करिश्मानं ओटीतले चार दाणे रीतीप्रमाणं परत पाटावर ठेवले आणि एसटी गाठायला निघाली.

साखरबाईनं कुंपणावरून फक्त पाट आणि नारळ बघितला. तेवढं तिला पुरलं. तिनं रोहिदासला फोन लावला. "तुझ्या आईनं चौथीची पन भरली बघ. आन् स्वताच्या हातानं!"

करिश्मा यायची होती त्याच दिवशी रोहिदास गाडी घेऊन हजर झाला. आल्या आल्या कपाट उघडून आईची लुगडी बॅगेत भरायला लागला.

"येनार हाय ती," सोजराबाई म्हणाल्या.

"त्या तिघी आल्या का परत?"

सोजराबाई खाटेवर बसून गड्ड्या बांधत राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांची गड्डी सुटायला लागली. पोरीला खरं वाटलं असेल का? गोड बोलून तीन बायका वाटेला लावणाऱ्या बाईच्या गोड बोलण्यावर कुणी का विश्वास ठेवावा? त्या स्वतः असत्या तर त्यांनी ठेवला नसता.

"लास्ट एसटीपर्यंत थांबतो," रोहिदास म्हणाला. वाईट त्यालाही वाटत होतं, पण आई न्हाणीत एकटी पडलेली दिसायची आणि त्याची झोप उडायची.

एसटी आली आणि गेली. साखरबाई स्टँडवर जाऊन बघून आली आणि तिनं मान हलवली. आपण फोनवर काय करून बसलो हे आता तिलाही कळलं होतं. रोहिदासनं बॅग उचलली, दुसरा हात आईपुढं केला. सोजराबाई उठल्या. फुलांकडं बघायचं नाही असं ठरवून त्या पायरीपर्यंत आल्या.

तेवढ्यात अंगणात मोटारसायकल शिरली. पुढं हातावर मेंदी असलेला नवरदेव, मागं पिशवी सांभाळत करिश्मा.

"यष्टी चुकली! म्हनून ह्याला मांडवातनं उठवून आनलं," ती उतरता उतरता म्हणाली. मग तिला बॅग दिसली. "आज्जी, कुठं निघाला?"

साखरबाईनं गाडीकडं बोट दाखवलं. करिश्मानं रोहिदासच्या हातातली बॅग काढून घेतली, सरळ आत ठेवली आणि बाहेर येऊन पिशवीत हात घातला.

"तुमची वटी घिऊन गेले मी हळदीला. चुलती लई फुगली. म्हनलं, आमच्या आज्जीनं भरलीय, मी चुलीपशी बसनार न्हाई. आईनं मग पाटावर बसवलं मला. पयली हळद मी लावली ह्याला." सुदर्शननं लाजून मान डोलावली. करिश्मानं पिशवीतून नारळ काढला. "आता तुमी बसा. पदर फुडं करा."

सोजराबाईंना पदर पुढं करायला वेळ लागला. मालक गेल्यापासून तो कुणी मागितला नव्हता. नारळ पदरात पडला आणि त्या रडल्या, लेकासमोर, साखरबाईसमोर, कुणाचीही भीड न ठेवता. रोहिदास गाडीची किल्ली हातात घेऊन नुसता उभा राहिला. मग सोजराबाईंनी नाक पुसलं, पदरातल्या नारळाकडं नीट बघितलं आणि त्यांचा जुना संशय जागा झाला.

"मला कुठं घालवतीस गं?"

"कुठं न्हाई," करिश्मा म्हणाली. "बसा हितंच. च्या टाकते."