सायकलच्या दुकानातल्या वकीलबाई

"खाबरू नका!"

नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या पोलीस ठाण्यात कुणी मराठी माणूस अडकला, की आमच्या वकीलबाई त्याला आधी हे सांगत. 'घाबरू' मी त्यांना किती वेळा शिकवलं, पण डच घशातून 'घ'चा 'ख'च व्हायचा. समोरचा रडवेला माणूसही हसायचा. "बघ, निम्मं काम झालं," त्या मला म्हणत.

मी त्यांची दुभाषी. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून इथे आले आणि या कामात पडले. इथे वकील परवडत नसेल तर सरकार देतं, पण अशी कामं आवडीने घेणारे थोडेच. बाईंनी पन्नाशीत मोठ्या फर्ममधली नोकरी सोडली आणि बंद पडलेल्या सायकलच्या दुकानात खास अशा लोकांसाठी ऑफिस थाटलं. पाटी बदलली तरी लोक चाकात हवा भरायला येतच राहिले. बाईंनी सरळ एक पंप आणून ठेवला. "हवा भरता भरता माणूस खरी अडचण सांगतो," म्हणाल्या. तुम्ही पाहिलं असतं तर पटलं असतं.

एकदा सांगलीचा एक आचारी सायकलचोरीच्या संशयावरून पकडला गेला. पोलिसांच्या कागदावर लिहिलं होतं, यानं गुन्हा कबूल केला. बाईंनी त्याला एकांतात विचारलं आणि मी मराठीत सांगितलं, "तुम्ही कबूल केलंत?"

"नाही हो ताई! साहेब बोलत होते, मी नुसतं येस, येस म्हणत होतो. मोठा माणूस बोलत असताना गप्प कसं बसायचं?"

मी बाईंना समजावलं, "आमच्याकडे 'हो, हो' म्हणजे 'ऐकतोय' असंही असतं."

बाई टेबलावर थाप मारून उठल्या. "मग सायकल दिली कुणी?" हा प्रश्न त्याला तोवर कुणी विचारलाच नव्हता. गाव सोडून गेलेल्या एका वेटरनं दिली होती, आणि किल्ली हातात देतानाचा दोघांचा फोटो आचाऱ्याच्या फोनमध्ये होता. आठवड्याभरात प्रकरण मिटलं. निरोप ऐकून तो बाईंच्या पाया पडायला वाकला. बाईंना वाटलं, त्याचं काहीतरी खाली पडलंय. त्याही वाकून शोधू लागल्या!

गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या. आता तिथे दोन तरुण वकील बसतात. चांगली आहेत मुलं, पण ती खुर्ची पाहून मला चुकल्याचुकल्यासारखं होतं.

परवा फोन वाजला. "फेल्डहोवन गावात एक जागा मिळालीय. तिथे आपल्यासारखं ऑफिस नाही. छत जरा गळतं."

"पण तुम्ही तर निवृत्त झालात ना?"

"झाले की. तीन महिने बागकाम केलं, सगळी रोपं मेली. तू मंगळवारी येशील का?"

मी दिवसभर हसत होते. मंगळवारची सुट्टी टाकली आहे.