विखुरलेले बाण

दसऱ्याला पूजेसाठी लॅपटॉपशेजारी धनुष्य मांडलं, की दोरीच्या मेणाचा वास येतो आणि नेदरलँड्समधल्या झूटरमेरच्या तिरंदाजी क्लबातली ती दुपार आठवते. धनुष्य नवं कोरं होतं. नवरा प्रत्येक बाणानंतर धनुष्यावरच्या साईटचा, म्हणजे नेम धरायच्या खुणेचा, स्क्रू फिरवून नेम जुळवत होता, तरी बाण एक इकडे, एक तिकडे. "सगळे एकाच जागी चुकले, तर साईट हलवायची," म्हातारे डच शिक्षक म्हणाले. "हे तर विखुरलेत. हात बघा." आम्ही दोघांनी पाहिलं. नवऱ्याची धनुष्य धरलेली मूठ थरथरत होती. "थंडीने होत असेल," मी म्हणाले. जूनचं लख्ख ऊन पडलं होतं. आता धनुष्याला कुंकू मीच लावते; ह्याच्या चिमटीतून ते ताटभर सांडतं.