सातगाठी बाटली

"माका संशय आसा," असं म्हणून आमचे सर मनगटावरचं घड्याळ कानाला लावायचे. घड्याळ ठणठणीत चालत असायचं. तरी लावायचेच.

ते शाळेत खेळ शिकवायचे, मी तिथेच कारकून. असा माणूस तुमच्याही गावात असेल. आमच्याकडचा मात्र कहर! रस्त्यावरचे किलोमीटरचे दगडसुद्धा त्यांना पटेनात. सायकलच्या चाकाला लाल फडकं बांधून, फेरे मोजत त्यांनी मसुऱ्यापर्यंतचा रस्ता स्वतः मोजला.

"सर, दगड सरकारी आहे."

"म्हणान तर संशय!"

हे सगळं एका पोरीच्या धावण्याच्या सरावासाठी. मसुऱ्याच्या शेतकऱ्याची मुलगी, सरांनीच घडवलेली. देशाच्या संघासाठी निवड मॅरेथॉन होती आणि पहिल्या तिघींनाच जागा. अशा शर्यतीत धावपटूंच्या स्वतःच्या बाटल्या वाटेतल्या टेबलांवर ठेवतात. सरांची झोपच उडाली.

"कोणी पाण्यात काय घातल्यान तर पोरगी जन्माची बाद!"

म्हणून प्रत्येक बाटलीच्या झाकणावर त्यांनी मासे पकडायचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, गुंडाळला आणि सात गाठी मारल्या. वर पोरीला दम दिला, "दुसऱ्याचा पाणी तोंडाक लावलस तर माका तोंड दाखवू नको."

सर शेवटच्या रेषेवर थांबले, मी वाटेतल्या एका टेबलाजवळ. टेबलापाशी ती तिसरी पोचली. बाटली उचलली. घामेजल्या बोटांनी गाठ सुटेना. दातांनी ओढली, तरी नाही. शेजारी दुसरं पाणी होतं, पण शिकवण मोडायची कशी? तशीच कोरड्या घशाने पुढे गेली. मला रडूच आलं.

शेवटच्या रेषेवर ती चौथी आली.

"पोटात चमक इली, सर," ती खोटंच म्हणाली. मीही गप्प बसलो. सरांनी मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना संशय आला नाही, असं मला वाटलं.

दुसऱ्या सकाळी त्यांच्याकडे गेलो तर सर अंगणात धावत होते. या वयात! हातात गाठी मारलेली बाटली, बोटं ओली. मला पाहून थांबले.

"सुटणा नाय रे," ते म्हणाले, आणि खांद्यावरच्या पंच्याने डोळे पुसले. "माका कळला, ता पोरीक सांगू नको."

पुढच्या निवडीआधीच सर गेले. या वेळी बाटल्यांना तंगूस नव्हता. मीच टेबलाजवळ पहारा दिला, पाणी वाटणाऱ्या प्रत्येकावर डोळे वटारून. ती आली, झाकण उघडलं, प्यायली, गेली.

यादी लागली. दुसरं नाव तिचं. मी मोठ्याने वाचून दाखवलं. तिने घड्याळ कानाला लावलं. सरांचंच होतं ते.

"काकानू, परत एकदा बघा," ती म्हणाली. "माका संशय आसा."