गुलाबदादाची तबकडी

भिलाईचा कारखाना उभा राहत होता, तेव्हा आमच्या क्रेनवरच्या गँगकडं लोखंडाखालोखाल साठा होता तो गुलाबदादाच्या किश्श्यांचा! दोघं चहाला बसले की एक नवा तयार.

दादा आमचा मुकादम आणि आमच्या सुपेला वस्तीचा नंबर एक कव्वाल. गालावरच्या तिळाची त्याची कव्वाली पार जामुल गावापर्यंत गाजलेली. फक्त त्याच्या आईला ती खपायची नाही. दादानं घरी पेटी उघडली की म्हातारी उठून शेजारी जायची.

दीक्षा घेतल्यावर दादानं ठरवलं, आता फक्त बुद्धगीतं. "तबकडी काढतो. आई एक डाव बसून ऐकन, बस! मले दुसरं काही नाई पायजे."

*

विहारातलं पहिलंच गीत. दादानं आळवलं, "तृष्णा सोड रे माणसा..." आणि मागून कोरसवाल्या मारोतीनं सवयीनं ठोकून दिलं, "हाय जालिम!"

विहारातले एक आजोबा शांतपणे म्हणाले, "पुढच्या टायमाले याले चपलांपाशी बसवा."

*

जेवणाच्या सुट्टीत दादाचा रियाज चाले. एकदा एक रशियन इंजिनिअर ऐकत उभा राहिला. डोळे ओले! दुभाष्याला विचारलं, काय गातोय? "हाव सोडा म्हणतोय." साहेबानं लगेच सिगारेटचं अख्खं पाकीट दादाच्या हातात ठेवलं.

दादानं ते खिशात घातलं. "त्यायले सांगा, मी बी सोडूनच राहिलो!"

*

नागपुरात रेकॉर्डिंग. काचेमागच्या माणसानं लाल दिवा लावला. आमच्यातला एकही जण तोंड उघडेना. दिवा विझवला, परत लावला. तरी चिडीचूप! तो धावत बाहेर आला, "अहो, गात का नाही?"

"कसं गाऊ साहेब?" मारोती म्हणाला, "लाल दिवा लागून राहिला ना! आमच्या इथं क्रेनखाली लाल दिव्यात जो हालला, तो गेला!"

शेवटी तो बिचारा काचेमागून हिरवा रुमाल हलवू लागला, तेव्हा कुठं गाणं सुरू झालं.

*

तबकडी आली. रविवारी सकाळी दादाच्या क्वार्टरमध्ये उसना ग्रामोफोन, सगळी गँग, आणि मधोमध आई. पहिल्यांदाच ती उठली नाही. हात जोडून अख्खं गीत ऐकलं. दादा सारखा तिच्या चेहऱ्याकडं बघत होता. मला खरंच भरून आलं.

गीत संपलं. विहारात म्हणतात तसं आई म्हणाली, "साधू, साधू, साधू!" दादानं डोळे पुसले.

मग ती पदर सावरून भिंतीला आरामात टेकली.

"झालं ना हे? आता ते तिळाचं म्हन. अन् दुसरं कडवं जरा जोरानं म्हन, शेजारून ते बराबर ऐकू येत नाई!"