मालकाचं नाव अन् मोठं अक्षर

यातलं एक अक्षर खरं मानून दाखव, मंग मानतो तुले. बायांच्या इंग्रजी वर्गात बसलं की किस्से असे जमतात, कापूस वेचतानी ओटी भरते तसे.

वर्ग माही नातसून वैशाली घेते, वडनेरच्या समाजमंदिरात. मी तिसरीतून सुटलेली, तरी पहिल्या रांगेत. पण तिच्या सासूले, म्हणजे माह्या सुनेले, हे खपत नव्हतं. तिनं पोरीले बजावलं, "तालुक्याची मॅडम पाहाले येईन. बायांले एक वाक्य धड नाही आलं तं वर्ग बंद, अन् तू वावरात."

*

वैशाली म्हणे, इंग्रजीत नावाचं पहिलं अक्षर मोठं. मालकाचं नाव लिहा. साऱ्या थांबल्या. शेजारची शांता म्हणे, "उखाण्याबिगर नाव कसं घ्याव?" मंग एकेकीनं उभं राहून उखाणा घेतला, तवा लिहिलं. दुपार गेली, वाक्य एकच झालं.

त्यात शांतानं मालकाचं सारंच नाव मोठ्या अक्षरात काढलं, सोताचं सारं लहान.

वैशालीनं इचारलं, "काकू, तुमचं लहान काऊन?"

"मी त्याह्यच्याहून लहान आहो ना."

*

एकदा मी शांताच्या कानात सांगतलं, सासूनं इचारलं तं प्रश्नचिन्ह लागत नाही, तो हुकूम असते. तिनं 'चहा झाला का' पुढं नुसतं वाक्य संपल्याचं टिंब देल्लं. वैशाली म्हणे, "हे कोणं शिकवलं?" साऱ्या माह्याकडे पाहून राह्यल्या. मी खिडकीतून बकरी पाहून राह्यली होती.

*

मॅडम आली. सून दारात हात बांधून उभी. मॅडमनं नेमकं मलेच उठवलं. "आजी, तुमचं नाव पूर्ण वाक्यात लिहा. कोणी सांगायचं नाही."

लिहिलं. पहिलं अक्षर मोठं, नावाचं बी मोठं. खडू ठेवला. मॅडम फळ्याकडे पाहतच राह्यली. वैशालीचं तोंड पांढरं फटक. काय राह्यलं ते मले सुधरे ना.

शांता उठली. कपाळावरची टिकली काढली, माह्या वाक्याच्या शेवटी चिकटवली, अन् जाऊन बसली.

मॅडम डोळ्यातून पाणी येईपर्यंत हासली. "वर्ग चालू ठेवा," म्हणे.

दुसऱ्या दिवशी गेलो तं सून आमच्या आधी हजर, फळा पुसून राह्यली. सारं पुसलं, टिकली तेवढी ठेवली. मंग पाटी घेऊन माह्याच जागेपाशी येऊन म्हणे, "सरका आत्याबाई."

काऊन, ते मले नको इचारू. जाय आता, भाकरी टाकायच्या आहेत.